अंतराळगडाचा किल्लेदार

ठराव मंजूर झाला. ‘अंतरिक्ष का किला’ या चित्रपटमालेपेक्षा तिच्यावरून निघालेल्या ‘अंतराळगड’ या मराठी कादंबऱ्या सर्व बाबतींत सरस आहेत, असे सभेने ठरवले. बाजूने सगळी सभा, विरोधात एक हात. तो एक हात त्या कादंबऱ्यांच्या लेखकाचा होता.

आता हे विसरून जा. असा ठराव झालेलाच नाही, सभा भरलेली नाही, चौगुले सरांनी टेबलावर डस्टर आपटलेलं नाही. मी नुकताच कॉलेजात गेलेला आहे आणि श्रीपाल आण्णांच्या घराच्या पुढच्या सोप्यात बसून त्यांच्याच शेंगा खातो आहे.

“सुकुमार,” आण्णा म्हणाले, “तो सिनेमा मिळेल का कुठं?”

“कुठला?”

“आपला.”

मी शेंग तशीच हातात धरली. गेली वीसपंचवीस वर्षं आण्णांनी जो सिनेमा बघायचं टाळलं होतं, तो ते मागत होते.

श्रीपाल आण्णा कुंभोजकर हे साखर कारखान्यात टाइमकीपर होते. आमचं गाव कोल्हापूरच्या पूर्वेला, नदीकाठचं. आण्णांच्या उमेदीच्या काळात तिथल्या गजराज टॉकीजवर एक मोठा रंगवलेला बोर्ड लागला: ‘अंतरिक्ष का किला’, इंग्रजी सिनेमा, हिंदी आवाजात. आठवडाभर गाव बोर्डासमोर उभं राहिलं. मग रिळांची पेटी आली, आणि पेटीत नागाचा सिनेमा निघाला. किला काही आला नाही. बोर्ड मात्र उतरवायला कुणाला सवड नव्हती म्हणून वर्षभर राहिला.

त्याच सुमाराला कोल्हापूरच्या एका प्रकाशकाला या सिनेमावर एक खिशात मावणारी कादंबरी घाईने हवी होती. आण्णा कारखान्याच्या अंकात लिहायचे, म्हणून त्याने आण्णांना गाठलं. आण्णांनी सिनेमा बघितला नव्हता. पुण्याला बघून आलेल्या चुलतभावाला विचारलं, तर तो म्हणाला, “आकाशात किल्ला असतो. त्याच्यावर संकट येतं. टळतं.” एवढ्या साहित्यावर आण्णा बोर्डासमोर जाऊन बसले आणि बघून बघून लिहिलं.

बोर्डावर जळता किल्ला होता, चंदेरी पोशाखातली मुलगी होती, दात विचकलेला राक्षस होता, आणि उजवीकडे खालच्या कोपऱ्यात एक मिशीवाला माणूस एक हात वर करून उभा होता. बाकी सगळे चमचमीत कपड्यांत, हा एकटा साध्या फुल शर्टात. आण्णांनी ताडलं, ज्याला गणवेश लागत नाही तोच मुख्य. त्याचं नाव त्यांनी ठेवलं किल्लेदार अनिकेत.

पहिलं पुस्तक असं खपलं की प्रकाशकाने आणखी सहा लिहून घेतली. किल्लेदाराने हात वर केला की शत्रूची यानं जागच्या जागी थांबत. गडाच्या दाराशी सगळे पायताणं काढून मगच आत येत. सातव्या पुस्तकाच्या शेवटी गड पृथ्वीपासून तुटून निघतो, किल्लेदार सगळ्यांना खाली उतरवतो आणि स्वतः एकटाच वर राहतो. शेवटचं वाक्य: ‘आणि गड अंधारात चालू लागला.’

आठवं पुस्तक आण्णांनी लिहिलंच नाही. मी सातवं पाचवीत असताना वाचलं आणि तेव्हापासून किल्लेदाराइतकाच अडकून पडलो होतो. गावात लग्नाच्या पंगतीतसुद्धा कुणीतरी विचारायचंच, “आण्णा, काढता का त्याला बाहेर?” आण्णांचं उत्तर ठरलेलं. माणूस सिनेमावाल्यांचा आहे. सिनेमात त्याचं पुढं काय झालं ते कळल्याशिवाय आपण त्याला परस्पर मारायचा किंवा वाचवायचा, हे बरोबर नाही. म्हणून तर सातही पुस्तकांवर त्यांनी स्वतःचं नाव घालू दिलं नव्हतं.

“मग सिनेमा बघा की,” असं म्हटलं की आण्णा दुसरा विषय काढायचे. सीडीची दुकानं आली, गेली, आण्णा फिरकले नाहीत. मला एकदा ते म्हणाले होते, “सिनेमा वाईट निघाला तर काही नाही रे. चांगला निघाला तर?”

आणि आता ते शेंगांची टरफलं मुठीत गोळा करत म्हणत होते, “वय झालं. काय झालं त्याचं ते बघतो, लिहितो आणि मोकळा होतो.”

*

सिनेमा आरिफाने आणला. आरिफा मुजावर आमच्या मागच्या गल्लीतली, पुण्याला इंजिनिअरिंगला होती आणि सुट्टीला आली होती. हॉस्टेलमधल्या कुणाकडून तरी तिने तिन्ही भागांच्या डीव्हीडी मिळवल्या.

“तू बघितलायस का?” मी विचारलं.

“पहिला, अर्धा. झोप लागली.”

“किल्लेदार कसा घेतलाय?”

“मी जागी होते तोवर आला नव्हता. मोठी माणसं उशिराच येतात की.”

हे मला पटलं. गावात कुणालाही पटलं असतं.

सन्मती वाचनालयाचे अध्यक्ष चौगुले सर. निवृत्त मुख्याध्यापक. वाचनालयात पंखा लावायचा तरी त्यांना सूचक आणि अनुमोदक लागायचा. त्यांनी लगेच कार्यक्रम ठरवला: रविवारी सकाळपासून तिन्ही भाग, आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी सर्वसाधारण सभेत ठराव, की सिनेमा सरस की कादंबरी.

“बघायच्या आधीच विषयपत्रिकेत कसं काय, सर?” आरिफाने विचारलं.

“नियम आहे. पंधरा दिवस आधी कळवावं लागतं,” सर म्हणाले.

वाचनालयाच्या हॉलमध्ये पडदा म्हणून सरांच्याच घरची पांढरी चादर लावली. तिच्या एका कोपऱ्यात निळ्या गुलाबाचं भरतकाम होतं. त्यामुळे तिन्ही भागभर अंतराळात एक गुलाब जागच्या जागी राहिला. आण्णा पुढच्या रांगेत, धुतलेल्या शर्टात, पोरीच्या लग्नाला बसावं तसे बसले होते.

सिनेमा चांगला होता. हे मला तेव्हा मान्य करायचं नव्हतं, पण चांगला होता. किल्ला पहिल्यांदा दिसला तेव्हा हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मग एक शिपाई बूट घालून तसाच आत गेला.

“पायात घालून गेला,” मागून कुणीतरी म्हणालं.

“परदेशात चालतं,” सर म्हणाले.

राक्षस आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी पडद्यावरच्या दाराकडे बघितलं. किल्लेदाराची वेळ झाली होती. तेवढ्यात एका गोऱ्या पोराने बटण दाबलं आणि राक्षस मेला.

“बटण?” आण्णा म्हणाले. एवढंच.

मध्ये चहा झाला. चौगुले सरांनी समजावलं की हा पूर्वरंग आहे, खरा नायक दुसऱ्या भागात येणार. दुसऱ्या भागात गड जळाला. आमच्या चौथ्या पुस्तकात जळतो तसाच, फक्त आमच्यात किल्लेदार विझवतो, यांच्यात कुणी विझवलाच नाही. तिसऱ्या भागापर्यंत लोकांनी दर नवीन माणसाला विचारायला सुरुवात केली होती.

“तो असेल. हेल्मेटवाला. पाठमोरा,” सर म्हणाले.

“सर, ती बाई आहे,” आरिफा म्हणाली.

“हेल्मेट काढेपर्यंत काही सांगता येत नाही.”

तिने हेल्मेट काढलं. सरांनी चष्मा काढला.

तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळे पृथ्वीवर परत येतात. यान उतरतं, दार उघडतं आणि एकेक जण बाहेर येतो. प्रत्येकाला घ्यायला घरचे आलेले. आण्णा खुर्चीच्या काठावर पुढे सरकून एकेक तोंड बघत होते. शेवटचा माणूस उतरला, त्याच्या बायकोने त्याला मिठी मारली आणि मागे रिकामं दार मिटलं. आण्णांनी उपरण्याने डोळे पुसले. मग गुलाबामागून इंग्रजी नावं वर जायला लागली.

“चांगला आहे सिनेमा,” आण्णा म्हणाले. “फक्त आपला माणूस नाही.”

कुणी उठेना. तेव्हा भिंतीजवळून आवाज आला, “कुठला माणूस म्हणायचा?”

दत्तू पेंटर. गजराजचे सगळे बोर्ड त्यांनीच रंगवलेले. त्यामुळे गावात कुठलाही सिनेमा लागला की आपण निर्मात्याच्या बाजूचे आहोत, असं समजून ते हजर राहायचे. पुस्तक मात्र त्यांनी आयुष्यात उघडलं नव्हतं.

कुणीतरी किल्लेदारासारखा हात वर करून दाखवला. शेजारच्यानेही केला. बघता बघता सगळा हॉल हात वर करून दत्तू पेंटरांकडे बघत होता.

“असा? कोपऱ्यात? मिशी? फुल शर्ट?”

“हां.”

“ते आमचं दाजी की.”

हात खाली यायला वेळ लागला.

“सिनेमाचं पोस्टर उभं,” दत्तू पेंटर सांगायला लागले, “आणि गजराजचा बोर्ड आडवा. उजवीकडं एवढी जागा मोकळी. मालक म्हणाला, मोकळी ठेवलीस तर लोक म्हणतील पेंटरचा रंग संपला. दाजी समोर पायरीवर बसलं हुतं. हात वर करून विचारत हुतं, चहा सांगू का. त्यांनाच घेतलं. हात बघा की, काय उतरलाय तो. मुंबईच्या पेंटरला यायचा न्हाई.”

आण्णांनी मान वळवली. मी त्यांच्या बाजूला होतो. त्यांचा चेहरा कसा झाला होता हे मला अजून नीट सांगता येत नाही. हरवलेलं काही सापडलं, पण ते दुसऱ्याच्या घरात सापडलं, असा काहीतरी.

“म्हणजे तो सिनेमात नव्हताच?” सर म्हणाले.

“सिनेमात कशाला असतील? सुतारकाम करायचं दाजी.”

“आता कुठे असतात?” आरिफाने विचारलं.

दत्तू पेंटरांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. “बोर्ड लागला त्याच दिवाळीनंतर गेलं. बेळगावला काम हाय म्हणून. अजून आलं न्हाईत.” मग जरा थांबून म्हणाले, “बोर्ड उतरवला तवा आमच्या हौसाक्कानं तेवढा तुकडा कापून मागितला. दुसरा फोटोच न्हाई ना त्यांचा. भिंतीला लावलाय. मागं निम्मं रॉकेट हाय. हार घालू देत न्हाई कुणाला.”

प्रोजेक्टर अजून चालू होता. चादरीवर नुसता उजेड आणि गुलाब.

“तुमच्या पुस्तकात काय करत्यात दाजी?” पेंटरांनी आण्णांना विचारलं.

“गड सांभाळतात,” आण्णा म्हणाले.

“आणि शेवटी घरी येत्यात का?”

*

सोमवारी हौसाक्का वाचनालयात आल्या. सुट्टीत काउंटरवर मी बसायचो. चिटणीस हे पदही माझ्याकडेच होतं, कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं.

“आमच्या ह्यांची पुस्तकं हाईत म्हणं हितं.”

मी सभासद करून घेतलं. पहिलं पुस्तक दिलं. एका वेळी एकच, हा नियम सांगितला. त्यांनी पुस्तक पदरात गुंडाळलं आणि गेल्या. वाचनालयाच्या समोरच त्यांच्या भावाचं, दत्तू पेंटरांचं, दुकान होतं. त्याच्या पायरीवर बसून, ओळीखाली बोट धरून, त्या दिवसभर वाचायच्या आणि दिवेलागणीला परत करायच्या. परत करताना शेरा द्यायच्या. आमच्या वाचनालयात इतकं सविस्तर कुणी बोलत नसे.

“बरं लिवलंय. पण ताटात भात दावलाय. ह्यांना भात चालत न्हाई.”

“हितं लई वरडत्यात लोकांवर. मला कधी वरडलं न्हाईत.”

“विमान चालवत्यात म्हणं. सायकल येत न्हवती ओ. पण शिकलं असतील.”

मी हसायचो. मग हसणं कमी झालं.

सहाव्या पुस्तकात चंदेरी पोशाखातली राजकन्या किल्लेदाराला लग्नाचं विचारते, आणि तो म्हणतो, ‘माझी वाट बघणारं कुणीतरी आहे.’ हे वाक्य आण्णांनी का घातलं होतं, ते आण्णांनाही ठाऊक नव्हतं. प्रकाशकाला तर लग्न हवं होतं. ते पुस्तक हौसाक्कांनी दुसऱ्या दिवशीही ठेवून घेतलं. परत दिलं तेव्हा शेऱ्याऐवजी सरळ सातवं मागितलं.

सातवं मात्र दुपारीच परत आलं.

“फुडचं द्या.”

“पुढचं नाही.”

“न्हाई म्हंजे?”

“आण्णांनी लिहिलं नाही अजून.”

“चला,” त्या म्हणाल्या. मी काउंटर तसाच टाकून निघालो.

आण्णा सोप्यात होते. पुढ्यात कोरे कागद होते, पेनाचं टोपण लावलेलं होतं. हौसाक्का उंबऱ्याशीच बसल्या. आण्णांनी स्वतः उठून पाण्याचा तांब्या दिला.

“लई फिरवलंसा, आण्णा,” त्या म्हणाल्या. “आता आणा की घरी.”

“हौसाक्का, ते पुस्तकातलं असतं सगळं.”

“ठाव हाय मला. येडी न्हाई मी. पुस्तकात तरी आणा.”

आण्णांनी पुढ्यातले कागद सारखे केले.

“लई पानं लागत्यात का?”

“नाही. एक वाक्य पुरतं,” आण्णा म्हणाले.

“मग लिवा की.”

आण्णांनी टोपण काढलं. खरंच काढलं. मला वाटलं, झालं. वर्षानुवर्षं अंधारात चाललेला गड आता वळणार, आणि मी तो वळताना बघणार. हौसाक्का उठल्या, पदर सावरला, पायरीवरून उतरल्या आणि परत वळल्या.

“तेवढं बुधवारचं आणू नका,” त्या म्हणाल्या. “बुधवारी बाजाराला जाते मी. घर बंद असतंय.”

त्या गेल्यावर आण्णांनी टोपण परत लावलं.

“काय झालं?” मी म्हणालो.

“काही नाही. तू काउंटर उघडा टाकून आलास का रे?”

*

ठरलेल्या रविवारी सभा भरली. चौगुले सरांनी ठराव वाचला. चर्चेला सुरुवात झाली आणि सगळ्यांना एकच बोलायचं होतं. सिनेमात किल्लेदारच नाही, मग कसला सिनेमा. आरिफाने एकटीने सिनेमाची बाजू मांडून बघितली.

“यान काय दाखवलंय त्यांनी. माणसं तरंगतात. आण्णांच्या गडावर माणसं सतरंजीवर बसतात.”

“सतरंजीवर बसलेला माणूस जास्त विश्वासू वाटतो,” सर म्हणाले, आणि कुणाच्या तरी अनुमोदनाने तेही मंजूर झालं.

आणखी एक मुद्दा सरांनी मांडला आणि तो मला आजही बिनतोड वाटतो. किल्लेदार सिनेमात नव्हता, याचा अर्थ तो आण्णांचा आहे. अथपासून इतिपर्यंत त्यांचाच. तेव्हा सातही पुस्तकांवर यापुढे त्यांचं नाव लागावं. टाळ्या पडल्या. मी आण्णांकडे बघितलं. त्यांनी हात जोडले, पण मान हलवली ती आडवी.

मग मत घेतलं. बाजूने सगळे हात, आरिफाचासुद्धा. सरांनी शिस्त म्हणून विचारलं, “विरोधात?”

आण्णांनी हात वर केला.

“आण्णा, बाजूचं मत झालं. आता विरोधातलं चाललंय,” सर हळूच म्हणाले.

“माहीत आहे, सर. माझं मत सिनेमाला.”

“का पण?”

आण्णा उभे राहिले. टाइमकीपर माणूस, भाषण कधी केलेलं नव्हतं.

“सिनेमात कुणाच्या घरचा माणूस नाही,” ते म्हणाले. “आणि जेवढे गेले तेवढे शेवटी परत आले. आपण सगळ्यांनी बघितलं. मला तेवढं जमत नाही.”

ते खाली बसले. सरांनी डस्टर आपटलं. लोक जिन्यावरून उतरताना ठरावापेक्षा चहा कुठे घ्यायचा याचीच चर्चा करत होते. मी, आरिफा आणि सर मागे राहिलो.

“म्हणजे आठवं नाही?” मी आण्णांना विचारलं. मला राग आला होता. पाचवीपासूनचा राग.

“नाही.”

“एका वाक्याचं काम आहे, तुम्हीच म्हणालात.”

“आहेच. मी ते लिहीन, तू तिला नेऊन देशील, ती वाचेल.” आण्णा आवाज न चढवता बोलत होते. “आणि मग ती बाजाराला जायची बंद होईल, सुकुमार. रोज घरी बसेल. दार उघडं ठेवून.”

आरिफा खुर्च्या रचत होती, ती थांबली.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. गजराजच्या जागी मंगल कार्यालय आहे, आण्णा नाहीत, आरिफा परदेशात यानाच्या नाही पण विमानाच्या कंपनीत आहे. ‘अंतरिक्ष का किला’चे आणखी चार भाग निघाले. मी प्रत्येक भाग पहिल्या दिवशी बघतो आणि पडद्याचा उजवा कोपरा सोडून फारसं काही बघत नाही.

त्या दिवशी आण्णांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. मग मला म्हणाले, “तू चिटणीस ना? वाचनालयाचं लेटरहेड काढ. लिहून घे.”

“कुणाला?”

“सिनेमावाल्यांना.”

“पत्ता?”

“डीव्हीडीच्या मागे आहे,” आरिफा म्हणाली.

“मराठीत लिहायचं?” मी विचारलं.

“त्यांना लांबून कळतंय सगळं, मराठी कळेल,” सर म्हणाले आणि अनुमोदन म्हणून स्वतःच मान डोलावली.

आण्णांनी डोळे मिटले आणि एकदाही न अडखळता सांगितलं. त्यांनी पुढे काहीच लिहिलं नाही, म्हणून त्यांचं शेवटचं लेखन ते हेच. मी त्यातला शब्द बदललेला नाही.

‘प्रति, माननीय व्यवस्थापक, “अंतरिक्ष का किला” निर्माती कंपनी, यांस.

विषय: इसम परत मिळण्याबाबत.

महोदय, वरील विषयास अनुसरून कळवण्यात येते की, आपल्या चित्रपटाच्या फलकावर जागा मोकळी राहिल्याने आमच्या गावचे रहिवासी श्री. शंकर ज्ञानू सुतार यांचा त्यात समावेश करण्यात आला होता. त्यानंतर सदर इसम गावात आढळून आलेले नाहीत. आम्ही आमच्या बाजूने सात भागांत त्यांची देखभाल केली. यापुढे ते आमच्या ताकदीबाहेर आहे. आपल्याकडील अंतराळ मोठे असून शोधाची साधनेही चांगली आहेत, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे. तरी सदर इसम आपल्या हद्दीत कोठेही आढळल्यास त्यांना कामातून मोकळे करून मिळेल त्या यानाने घरी पाठवावे. आणि ते स्वतःच येण्यास तयार नसतील, तर का, एवढे तरी त्यांच्या सहीनिशी त्यांच्या पत्नीस लेखी कळवण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.’